साथीच्या दिवसांत मेडिकलचं काउंटर: नागपुरातल्या नव्या फार्मासिस्टसाठी

डी.फार्म. ही औषधशास्त्राची पदविका झाली, ५०० तासांचं प्रशिक्षण झालं, नोंदणी झाली आणि धंतोली, रामदासपेठ किंवा मेडिकल चौकातल्या एखाद्या दुकानात काम सुरू झालं, की पहिले काही महिने ब्रँडची नावं आणि रॅक पाठ करण्यातच जातात. साथ आल्यावर काउंटर कसं सांभाळायचं, हे त्या काळात सहसा कुणी शिकवत नाही. नागपुरात तर ही वेळ वारंवार येते. पावसाळा सरता सरता डेंग्यू असतोच. २०१८ मध्ये स्क्रब टायफस आला, २०२०-२१ मध्ये कोरोना, त्यामागोमाग म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची लेकरं विषारी खोकल्याच्या औषधामुळे नागपूरच्या दवाखान्यांत दगावली, तेव्हा घाबरलेले आईबाप अर्धी वापरलेली बाटली घेऊन दुकानांत विचारायला येत होते.

दिवसभर उभं राहून दुखलेले पाय रात्रीच्या झोपेने बरे होतात. पण नसलेलं औषध मागणाऱ्या माणसाला दिवसभर नाही म्हणायचं, आणि दर वेळी तो निर्णय एकट्याने नव्याने घ्यायचा, हा थकवा झोपून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची, म्हणजे कामाच्या ताणाने खचून जाण्याची, तीन लक्षणं मांडली: अंगातलं बळ संपणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असं वाटणं. काउंटरवर ती अशी दिसतात: एकच चिठ्ठी तीनदा वाचावी लागते. गिऱ्हाईक बोलायच्या आधीच त्याचा राग येतो. औषध देताना वय विचारायचं राहून जातं. शेड्यूल एच-१ चं, म्हणजे ज्यांची प्रत्येक विक्री नोंदवावी लागते त्या औषधांचं, रजिस्टर चार-चार दिवस मागे पडतं. घरी गेल्यावर ‘ती स्ट्रिप बरोबर दिली ना?’ हा विचार पिच्छा सोडत नाही. आमच्या मते यात रजिस्टर मागे पडणं ही सगळ्यात लवकर दिसणारी खूण आहे, आणि तिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

नकार आधी ठरवून ठेवा

मार्च २०२० मधला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. १३ मार्चला मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तू ठरले. २१ मार्चला तीन पदरी मास्कला १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत बांधली गेली. २६ मार्चला हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियाचं औषध शेड्यूल एच-१ मध्ये गेलं. दोन आठवड्यांत तीन नियम बदलले, आणि प्रत्येक बदल गिऱ्हाइकाला समजावून सांगायचं काम काउंटरवरच्या माणसावर आलं. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविर या कोरोनावरच्या इंजेक्शनचं तेच झालं. पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम आणि पुढचे चार दिवस १००, म्हणजे एका रुग्णाला १०० मिलिग्रॅमच्या सहा वायल (इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या). वाटप प्रशासनामार्फत थेट रुग्णालयांना होऊ लागलं, तरी नातेवाईक चिठ्ठी घेऊन दुकानोदुकानी फिरतच होते. मग म्युकरमध्ये लिपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं इंजेक्शन: किलोमागे ५ मिलिग्रॅम धरलं, तर साठ किलोच्या माणसाला रोज ५० मिलिग्रॅमच्या सहा वायल, तेही कित्येक दिवस.

अशा वेळी काय बोलायचं हे मालक, फार्मासिस्ट आणि काउंटरवरच्या मुलांनी सकाळी शटर उघडायच्या आधी ठरवावं. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: काय नाही, ते कुठून मिळतं, आणि आत्ता काय करायचं. उदाहरणार्थ: ‘दादा, हे इंजेक्शन दुकानात येतच नाही, दवाखान्याला थेट मिळतं. डॉक्टरांना मागणी नोंदवायला सांगा आणि नोंदवल्याची वेळ लिहून घ्या.’ माल येणार याची खात्री नसेल, तर ‘उद्या पाहा’ असं कधीच म्हणू नका. तो माणूस उद्या येतो, त्याची आशा वाढलेली असते आणि पेशंटची तब्येत बिघडलेली असते. शेवटी त्याचा सगळा संताप तुमच्यावरच निघतो. काय मिळत नाही त्याची पाटी मराठी आणि हिंदी दोन्हींत लावा. बालाघाट-छिंदवाड्याकडची माणसं इथे रोज येतात.

एका ब्रँडऐवजी दुसरा मागणाऱ्यांशी सगळ्यात जास्त वाद होतो. शेड्यूल एच आणि एक्स मधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता न येणाऱ्या, औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवरचं सोडून दुसरं औषध परस्पर देता येत नाही, घटक तोच असला तरी. त्यासाठी डॉक्टरांची संमती लागते आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टर फोन उचलत नाहीत. म्हणून आजूबाजूच्या डॉक्टरांशी साथ यायच्या आधीच बोलून ठेवा: कोणत्या औषधाला कोणते पर्याय चालतील याची यादी सहीनिशी मागा, आणि उरलेले प्रश्न एकत्र करून दिवसातून दोन ठरलेल्या वेळी विचारा.

थकवा आधी हातात उतरतो

चुका अवघड औषधांत कमी होतात. मिळत्याजुळत्या नावांत आणि मात्रांत त्या जास्त होतात. डॉक्सीसायक्लिन आणि डॉक्सोफायलिन, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि हायड्रॉक्सिझिन, अझिथ्रोमायसिन आणि अ‍ॅझाथायोप्रिन: या जोड्या एकाच रॅकवर ठेवू नका, वर्णानुक्रम मोडला तरी चालेल. स्ट्रिप हातात घेतल्यावर नाव आणि मात्रा मोठ्याने म्हणा. थकलेला डोळा नाव वाचतो आणि २५ की ५० हे गृहीत धरतो. थायरॉक्सिनच्या बाबतीत हे हमखास घडतं.

चार गोष्टींना दुसऱ्या माणसाची नजर लागलीच पाहिजे, कितीही रांग असो: इन्सुलिन, मेथोट्रेक्सेट, रक्त पातळ करणारी औषधं आणि लहान मुलांची पातळ औषधं. इन्सुलिनची मिलिलिटरमागे ४० युनिटची वायल असेल तर सिरिंजही ४० चीच, लाल टोपणाची द्यायची. नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज गेली आणि पेशंटने २० च्या खुणेपर्यंत औषध भरलं, तर अंगात ८ च युनिट जातात. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, म्हणून पाकिटावर वार लिहा. पॅरासिटामॉलचे थेंब मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅमचे असतात, तर सिरप ५ मिलिलिटरमागे १२५ किंवा २५० चं. वजन विचारल्याशिवाय बाटली देऊ नका. डेंग्यूच्या दिवसांत तापाला आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मागणाऱ्याला थांबवणं हेही तुमचंच काम.

होता होता राहिलेल्या चुकांची एक वही ठेवा. त्यात नाव कुणाचंच लिहायचं नाही. फक्त वेळ, औषध आणि काय घडलं. दोन आठवड्यांत दिसतं की बहुतेक नोंदी ठरावीक तासांच्या आहेत. मालकाकडे जादा माणूस मागताना ‘मी थकलो’ या वाक्यापेक्षा ही वही जास्त कामी येते.

दिवसाची आखणी

बहुतेक दुकानांत ११ ते २ आणि संध्याकाळची ओपीडी सुटल्यावर ७ ते १० अशी गर्दी असते. या वेळेत गंजीपेठेतल्या दवा बाजारातून आलेले खोके उघडायचे नाहीत, खरेदीची एंट्री नाही, एमआरची (औषध कंपनीच्या प्रतिनिधीची) भेट नाही. ती कामं दुपारी ३ ते ५ मध्ये उरका. दोन तास काउंटर झालं की वीस मिनिटं मागे बसून बिलिंग किंवा शॉर्टबुक (संपत आलेल्या मालाची वही) बघा. एच-१ ची नोंद विक्रीसोबतच करा. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या रात्री आठवून लिहिणं हीच झोप उडवणारी गोष्ट असते.

मास्क लावला की पाणी पिणं आपोआप कमी होतं, आणि नागपूरच्या मे महिन्यात ते महागात पडतं. पारा ४५ च्या आसपास असतो, त्यात लाइट गेली की २ ते ८ अंशांच्या फ्रिजची काळजी वेगळीच. तापमान सकाळ-संध्याकाळ लिहायचं काम एकाच्याच डोक्यावर ठेवू नका.

नोकरी धरण्याआधी मालकाला नेमकं विचारा: दुकानात प्रत्यक्ष उभे राहणारे नोंदणीकृत फार्मासिस्ट किती? मी जेवायला गेलो तर चिठ्ठी कोण बघणार? साप्ताहिक सुट्टी गर्दीच्या दिवसांतही मिळते का? स्वतः दुकानात न येता फक्त सर्टिफिकेट भाड्याने देण्याची प्रथा बेकायदा तर आहेच, शिवाय कागदावर दोन फार्मासिस्ट असलेल्या दुकानात सगळा भार एकावरच येतो. साथ आली की तोच एक मोडतो. अशी नोकरी पगार जास्त असला तरी घेऊ नका. दुसरा फार्मासिस्ट नसेल, तर जेवणाच्या अर्ध्या तासात चिठ्ठीवरची औषधं मिळणार नाहीत अशी पाटी लावायची तयारी मालकाची हवी.

सलग दोन आठवडे झोप लागत नसेल, कामावर जायच्या विचाराने छाती धडधडत असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या, क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

साथ ओसरल्यावरचा महिना फार्मासिस्टला बहुतेकदा जड जातो. गर्दी कमी होते, आणि कोरोनातल्या फॅविपिराविरच्या गोळ्यांसारखा पडून राहिलेला माल, एक्सपायरी, स्टॉकिस्टकडचे अडकलेले रिटर्न आणि उधाऱ्या एकदम समोर येतात. मालकाचं डोकं तेव्हा पैशात असतं, म्हणून सुट्टीचा विषय मागे पडतो. ती सुट्टी साथ चालू असतानाच तारखेसह लिहून घ्या, निदान सलग चार दिवस, आणि परतावा पाठवायच्या मालाची यादी बॅच नंबरनिशी सुट्टीवर जायच्या आधी दुसऱ्याच्या हाती द्या.