टेकची वही

शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या एक्स्पोर्ट विभागात मी लागलो, तेव्हा माझं इंग्रजी म्हणजे कागलच्या मराठी शाळेतलं पाठांतर. टेक म्हणजे घेणे, विषय संपला. दुसऱ्याच आठवड्यात परदेशातल्या ग्राहकाची मेल आली: 'आय टेक इट द कास्टिंग्ज हॅव लेफ्ट.' मी साहेबांना सांगून मोकळा, "सर, माल ते स्वतःच घेऊन जाणार म्हणतायत."

साहेबांनी मेल वाचली, चष्मा काढला. "लेका, तो विचारतोय, माल निघाला असं समजू ना?"

माल निघायचा कुठला, तो अजून शॉट ब्लास्टिंगला, म्हणजे साफसफाईलाच होता.

त्या संध्याकाळी मी दोनशे पानी वही आणली. कामाला नव्यानं लागणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की टेकचा अर्थ शोधत बसू नका. त्याच्या शेजारी कोणता शब्द बसलाय ते बघा आणि तिथं आपण मराठीत कोणतं क्रियापद वापरतो ते लिहा. औषध आपण घेतो, फोटो काढतो, पाऊल उचलतो, एखाद्याला गृहीत धरतो. इंग्रजीत चारही ठिकाणी टेकच. एसटीत रुमाल टाकून धरलेली जागा? 'टेकन'.

यात इंग्रजीला नावं ठेवू नका. आपलं 'लागणे' बघा की. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, एखाद्याच्या नादाला लागतो, कोल्हापुरातनं कागलला जाताना वाटेत गोकुळ शिरगाव लागतं. मराठी शिकणाऱ्या माणसानं काय करावं?

आणि गंमत म्हणजे 'वेळ लागणे' आणि टेक यांची घडणही जुळते. 'मला चाळीस मिनिटं लागतात' याला मी कितीतरी दिवस 'आय रिक्वायर फॉर्टी मिनिट्स' लिहीत होतो. सरळ 'इट टेक्स मी फॉर्टी मिनिट्स'. आपला 'मला' तिथं जसाच्या तसा इंग्रजी 'मी' (me) होऊन बसतो, फक्त पुढं एक 'इट' लावायचा.

सगळ्यात जास्त मार खातो आपण परीक्षेत. मराठीत सर परीक्षा घेतात, पोरं देतात. इंग्रजीत उलटं: पोरं 'टेक' करतात, सर 'गिव्ह' करतात. 'आय गेव्ह द एक्झाम' आपल्याकडं सगळेच म्हणतात, मुलाखतीत कुणी अडवतही नाही. पण परदेशी माणूस ते ऐकून तुम्हाला मास्तर समजू शकतो.

मागं छोटा शब्द लागला की टेक रंग बदलतो. 'टेक ऑफ' म्हणजे विमान उडणं, आणि दारात चप्पल काढणंही. 'टेक आफ्टर' म्हणजे बापावर जाणं. माणूस 'टेकन इन' झाला म्हणजे फसला. 'टेक ऑन'साठी तर मराठीत तयार शब्द आहे, अंगावर घेणे. काम असो की कोल्हापुरातल्या खासबाग कुस्ती मैदानात समोर उभा असलेला पैलवान. मॅटवर खेळणाऱ्या पोरांना टेकडाउन काय ते शिकवावंच लागत नाही. समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की 2 गुण. ऑफिसात मात्र 'टेक डाउन द नंबर' म्हटलं की मुकाट्यानं पेन काढायचं.

हा शब्द मुळात इंग्रजांचाही नाही. उत्तरेकडनं आलेल्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला 'ताका' इंग्रजीत शिरला आणि घरचा 'निमान' मागं पडत नाहीसा झाला. त्याची एक खूण 'नम' या शब्दात उरलीय. बधिर म्हणजे संवेदना 'घेतलेला'. हे कामाला उपयोगी नाही, पण मला आवडतं.

वहीत रोज दोनच वाक्यं लिहायची, तीही आपल्या कामातल्या मेलमधली. क्लासच्या पुस्तकातली वाक्यं माझ्या डोक्यात कधी टिकली नाहीत.

गेल्या महिन्यात गडहिंग्लजचा नवा पोरगा रात्री नऊपर्यंत कोटेशन करत बसलेला दिसला. जेवलाही नव्हता. म्हटलं, घाई कसली? त्यानं मेल दाखवली. ग्राहकानं लिहिलं होतं, 'टेक युवर टाइम.' याला वाटलं, ते आपला वेळ मोजतायत. सावकाश होऊ दे असं तो म्हणतोय, हे सांगून मी त्याचा कॉम्प्युटर बंद केला, वही त्याच्या पिशवीत टाकली आणि गाडीवरनं त्याला खोलीवर सोडला.