वार पडण्याची वाट पाहू नका, वासराला आधी चीक पाजा

पावसाची झड आणि जनावरांची विण्याची वेळ एकत्र आली की लहान वासरे आणि पारडी दगावू लागतात. त्यामागची कारणे विचारली तर पशुपालक हगवण, गारठा, जंत किंवा बदललेली हवा यांची नावे घेतात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु हगवण लागलेले प्रत्येक वासरू मरत नाही, आणि जे मरते त्याला पहिला चीक, म्हणजे व्यायल्यावरचे पहिले घट्ट दूध, केव्हा पाजला होता असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: वार, म्हणजे गर्भाचे आवरण, पडल्यानंतर. संध्याकाळी व्यायलेल्या म्हशीची वार पहाटेपर्यंत पडली नाही, म्हणून पारडू रात्रभर उपाशी राहिले, सकाळी चीक पोटभर पाजला, आणि आठव्या-दहाव्या दिवशी ते हगवणीने गेले, ही हकिकत मी इतक्या गोठ्यांमध्ये ऐकली आहे की या हंगामात दुसरे काही सांगण्याआधी तेवढेच पुन्हा सांगणे मला आवश्यक वाटते.

गाय-म्हैस या प्राण्यांमध्ये आईच्या रक्तातील रोगप्रतिकारक घटक गर्भाशयातून वासरापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू रोगाशी लढण्याची कोणतीही तयारी नसताना जन्माला येते, आणि ती तयारी त्याला केवळ चिकातून मिळते. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत वासराच्या आतड्याचे अस्तर हे घटक जसेच्या तसे रक्तात शोषून घेऊ शकते. मात्र ही क्षमता तासागणिक कमी होत जाते आणि साधारण 24 तासांत जवळजवळ संपते. त्यानंतर पाजलेला चीक अन्न म्हणून चांगलाच असतो, परंतु त्यातील संरक्षण रक्तात जात नाही. शिवाय व्यायल्यानंतर जितका उशीर करून पहिली धार काढावी तितके कासेतील चिकामधील या घटकांचे प्रमाणही घटत जाते, त्यामुळे उशीर झाल्यास वासराचे नुकसान दोन्ही बाजूंनी होते.

मात्रा वासराच्या वजनावर ठरवावी. पहिल्या 24 तासांत वजनाच्या किमान एक दशांश चीक पोटात गेला पाहिजे, म्हणजे 30 किलोच्या वासराला 3 लिटर. त्यातील निम्मा भाग जन्मानंतर पहिल्या एक ते दोन तासांत आणि उरलेला 12 तासांच्या आत द्यावा. "सोडले होते आईजवळ, पीत होते" या उत्तरावर माझा विश्वास नाही. अशक्त वासरू सडाला तोंड लावते, चुटपुट करते आणि बाजूला होते. लांब किंवा फार जाड सड त्याच्या तोंडात नीट बसत नाहीत. पहिलारू गाय लाथ मारते. म्हणून पहिला चीक स्वच्छ भांड्यात काढून, मोजून, निपल असलेल्या बाटलीने पाजावा. वासराची मान किंचित वर असावी आणि त्याने स्वतः चोखून प्यावे, कारण चोखताना अन्ननलिकेतील खोबण मिटते आणि चीक सरळ चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात, जातो. जबडा उघडून नळीने किंवा बाटलीने ओतलेला चीक श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि मग फुफ्फुसदाहाने वासरू जाते. तोंडात स्वच्छ बोट घातल्यावर वासरू ते चोखत नसेल, तर पशुवैद्यकाकडून पोटात नळी घालून चीक देण्याची व्यवस्था करावी. सकाळपर्यंत थांबू नये.

आता वारेविषयी. वार पडण्याआधी चीक पाजला तर वार अडकते ही समजूत पूर्णपणे उलटी आहे. वासरू चोखू लागले किंवा धार काढली की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, त्याने पान्हा सुटतो आणि गर्भाशय आकुंचन पावते, आणि हे आकुंचन वार सुटण्यास मदतच करते. वार साधारणपणे 8 ते 12 तासांत पडते. त्यानंतरही न पडल्यास पशुवैद्यकाला कळवावे. हाताने ओढू नये, लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नये. जनावराने वार खाऊ नये यासाठी लक्ष ठेवणे योग्य आहे, परंतु ते लक्ष वासराला चीक पाजूनही ठेवता येते.

विण्याच्या वेळची नित्य कामे:

- नाकातोंडातील चिकट स्राव पुसणे
- आईला वासरू चाटू देणे, न चाटल्यास कोरड्या गोणपाटाने चोळणे
- नाळ पोटापासून दोन-तीन सेंटिमीटरवर निर्जंतुक दोऱ्याने बांधून खाली कापणे
- टिंक्चर आयोडीनमध्ये नाळ बुडवणे, तीन दिवस
- कास व सड कोमट पाण्याने धुऊन पुसणे
- पहिल्या दोन-चार धारा वेगळ्या टाकणे
- चीक पाजल्याची वेळ व माप भिंतीवर लिहिणे

शेवटचे काम क्षुल्लक वाटेल. परंतु जिथे वेळ लिहिली जाते तिथे ती पाळली जाते, असा माझा अनुभव आहे.

आई मेली, चीक आला नाही किंवा कासदाहामुळे तो खराब निघाला, तर त्याच दिवशी व्यायलेल्या दुसऱ्या निरोगी जनावराचा चीक द्यावा. ज्यांच्याकडे डीप फ्रीझर आहे त्यांनी चांगल्या गाईचा जास्तीचा चीक, पहिल्याच दोहनाचा, एक-एक लिटरच्या पिशव्यांमध्ये गोठवून ठेवावा. उणे 20 अंशांवर तो वर्षभर टिकतो. वितळवताना पिशवी कोमट पाण्यात ठेवावी, पाणी 50 अंशांपेक्षा गरम नसावे आणि चीक कधीही उकळू नये, कारण उकळल्याने नेमके संरक्षण देणारे घटकच नष्ट होतात. दूध 600 मिलिलिटर, कोमट पाणी 300 मिलिलिटर, एक अंडे आणि अर्धा चमचा एरंडेल हे मिश्रण पूर्वीपासून सुचवले जाते. त्याने पोषण होते आणि पोटातील पहिले काळे चिकट शेण बाहेर पडते, पण रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. हीच गोष्ट "वासरू टॉनिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांची. ज्या वासराला वेळेवर चीक मिळाला त्याला त्या बाटलीची गरज नसते, आणि ज्याला मिळाला नाही त्याची उणीव ती बाटली भरून काढत नाही. विक्रेता हे सांगणार नाही.

नर वासरे आणि रेडके यांच्याबाबत ही हयगय जाणूनबुजून केली जाते, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. रेडकू मेले की म्हैस पान्हा चोरते, मग ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनची सवय लावली जाते आणि संपूर्ण वेताचे गणित बिघडते. पहिल्या दिवशी वाचवलेल्या दोन-तीन लिटर चिकापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे आहे.

चीक कासेत तयार होण्याआधी

चीक साठण्याची क्रिया विण्याच्या काही आठवडे आधी सुरू होते, म्हणून गाभण जनावराला विण्यापूर्वी सुमारे 60 दिवस आटवावे. शेवटपर्यंत दूध काढत राहिलेल्या गाईच्या कासेला सावरण्यास वेळ मिळत नाही. दूध बंद झाले म्हणून खुराक बंद करणे ही दुसरी चूक. गर्भाची सर्वाधिक वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांतच होते. या काळात चांगल्या वैरणीबरोबर एक ते दीड किलो खुराक द्यावा आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तो हळूहळू दोन ते अडीच किलोंपर्यंत न्यावा. जनावर फार माजवूही नये, कारण अति चरबी झालेली गाय व्यायल्यावर चारा सोडते.

कॅल्शियमच्या बाटल्यांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. विण्यापूर्वीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत जास्तीचे कॅल्शियम पाजल्याने दुग्धज्वर (व्यायल्यावर रक्तातील कॅल्शियम घटून होणारा आजार) टळत नाही, उलट त्याचा धोका वाढतो. बाहेरून भरपूर कॅल्शियम मिळाले की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि व्यायल्याबरोबर चिकातून एकदम मोठी मागणी आल्यावर ती वेळेत जागी होत नाही. तरीही याच काळात या बाटल्या सर्वाधिक खपतात. गाभणपणीचे शेवटचे तीन आठवडे कॅल्शियमचे वेगळे द्रावण देऊ नये. व्यायल्यानंतर, विशेषतः तिसऱ्या वेतापुढील आणि जास्त दुधाच्या जनावरांना, पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. व्यायल्यावर तीन दिवसांच्या आत कान गार पडणे, मान पोटाकडे वळवून बसणे, उठता न येणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित उपचार हवेत. शिरेतून कॅल्शियम स्वतः देऊ नये. ते वेगाने गेल्यास हृदय थांबते.

दुभत्या जनावराचा रोजचा हिशेब:

- एकूण कोरडा भाग (चारा-खुराकातील पाणी वगळून): वजनाच्या 2.5 ते 3 टक्के
- त्यात दोन भाग वैरण, एक भाग खुराक
- शरीरपोषणासाठी खुराक: 1 ते 1.5 किलो
- दुधासाठी खुराक: गाईला प्रति लिटर 400 ग्रॅम, म्हशीला 500 ग्रॅम
- खनिज मिश्रण 50 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम
- स्वच्छ पाणी सतत समोर

व्यायल्यावर खुराक एकदम वाढवू नये. रोज पाव ते अर्धा किलो एवढीच वाढ पचते. कोवळ्या पावसाळी गवतात बहुतेक भाग पाणीच असते. केवळ त्यावर ठेवलेले जनावर पोट भरल्यासारखे दिसते, परंतु शेण पातळ होते आणि दुधाची फॅट घसरते. हिरव्याबरोबर दोन-चार किलो कोरडी कुट्टी द्यावीच, आणि वैरणीतील कोणताही बदल सात ते दहा दिवसांत करावा. फुलोऱ्यापूर्वीची ज्वारी कापून जनावरांना खाऊ घालू नये, विशेषतः पावसाने ताण दिल्यानंतर. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतील विषाची बाधा, लागून जनावर काही मिनिटांत कोसळू शकते.

पेंड आणि भरडा ओलसर भिंतीला टेकवून ठेवू नये. बुरशी लागलेली पेंड उन्हात वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, तिचे विष जात नाही. ते दुधात उतरते आणि लहान वासरांच्या यकृतावर सर्वात आधी परिणाम करते. अशी पेंड स्वस्तात मिळाली तरी नाकारावी.

चिकानंतरचे तीन महिने

चीक तीन-चार दिवस पाजत राहावे. त्यानंतर पहिल्या महिन्यात वजनाच्या दहाव्या भागाइतके दूध दोन वेळा विभागून, दुसऱ्या महिन्यात पंधरावा आणि तिसऱ्या महिन्यात विसावा भाग, असे प्रमाण साधारणतः सांगितले जाते. पावसाळी गारठ्यात पहिल्या महिन्याच्या प्रमाणात मी आणखी अर्धा लिटर वाढवण्यास सांगतो, कारण अंग गरम ठेवण्यातच वासराची बरीच ऊर्जा खर्च होते. दूध 37 ते 39 अंश असावे, आणि वेळ व भांडे बदलू नये.

दुसऱ्या आठवड्यापासून वासरांचा खुराक समोर ठेवावा. तो घरी करता येतो: मका भरडा 50 किलो, भुईमूग किंवा सोयाबीन पेंड 30, गव्हाचा कोंडा 17, खनिज मिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. युरिया किंवा युरिया प्रक्रिया केलेला चारा सहा महिन्यांखालील वासराला देऊ नये. दाण्यापासून तयार होणारी आम्ले पहिल्या पोटाच्या अस्तराची वाढ करतात, आणि पाण्याशिवाय ते काम होत नाही, म्हणून पहिल्या आठवड्यापासून दुधाव्यतिरिक्त स्वच्छ पाणी द्यावे. सलग तीन दिवस वासरू पाऊण ते एक किलो खुराक खाऊ लागले की दूध तोडण्यास हरकत नाही. वयापेक्षा हे माप विश्वासाचे आहे.

पारडांना गोल जंत आईच्या दुधातूनच मिळतात. म्हणून पहिले जंतनाशक दहाव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान द्यावे आणि पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. फेनबेंडाझोलची मात्रा प्रति किलो वजनास 5 ते 7.5 मिलिग्रॅम आहे. औषधाची निवड आणि मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घ्यावी, दुकानदाराकडून नव्हे. वासराची जागा कोरडी आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. तिथे गुडघे टेकून थोडा वेळ बसावे. कापड ओले झाले तर वासरूही ओल्यावरच झोपते आहे.

एवढे करूनही हगवण लागल्यास दूध बंद करू नये. दोन दुधांच्या मधल्या वेळेत एक लिटर स्वच्छ कोमट पाण्यात ओआरएसचे एक पाकीट विरघळवून दिवसभरात दोन ते चार लिटर थोडे थोडे पाजावे, कारण हगवणीतील वासरू जंतूंपेक्षा पाणी व क्षार कमी झाल्याने मरते. प्रतिजैविकाची गोळी दुकानातून आणून देऊ नये. शेणात रक्त दिसल्यास कॉक्सिडिओसिसची (आतड्यातील सूक्ष्म परजीवींमुळे होणाऱ्या आजाराची) शक्यता असते. त्यासाठी ॲम्प्रोलियम प्रति किलो 10 मिलिग्रॅम, पाच दिवस, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली दिले जाते. डोळे खोल गेले असतील, मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर उभीच राहत असेल, तोंड आतून गार लागत असेल किंवा वासरू उठत नसेल, तर तोंडाने पाजून वेळ घालवू नये. अशा वासराला शिरेतून सलाईन लागते आणि पशुवैद्यक येईपर्यंत त्याला कोरड्या गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवावे.