पागेतला पहिला पावसाळा कसा काढावा

(1670 चं दशक, चिपळूणजवळची छावणी. बोलणारा पागेतला हवालदार, ऐकणारा त्याचाच धाकटा भाऊ, नवा बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार.)

धाकल्या, आधी नातं नीट लावून घे. घरी मी दादा, दावणीवर हवालदार. 25 बारगीर माझ्या हाताखाली, त्यातला तू एक. असे 5 हवालदार मिळून एक जुमला. जुमलेदार जाब मला विचारतो, म्हणून तुझं चुकलं की सगळ्यांत आधी तुझाच कान धरीन. नाहीतर बाकीचे 24 माझं ऐकायचे नाहीत.

तू शिलेदार नाहीस. त्याचा घोडा त्याच्या घरचा, तुझा सरकारी. म्हणून जास्त जप.

पहाटे तोंडावर पाणी मारायच्या आधी घोड्याचे चारी पाय उचलून बघ. घाटावरच्या जनावराला कोकणातली ही ओल मानवत नाही. खुराच्या खाचेत शेण-चिखल बसून राहिला की खूर कुजतो. काडीने कोरून काढ आणि नाक जवळ ने. कुजका वास आला तर नालबंदाला तिथल्या तिथे हाक मार. 25 जणांत तो एकच, दुपारवर ढकललंस तर तुझी पाळी यायची नाही. मग खरारा. पाठ पुरती वाळल्याशिवाय खोगीर चढवू नकोस. ओल्या पाठीवर तंग आवळला की पाठ लागते, आणि पाठ लागलेला घोडा दसऱ्याच्या स्वारीला काय कामाचा?

भाला-तलवार शिकवणारे इथे पुष्कळ आहेत, ते मी सांगत बसत नाही.

दाणा-वैरण मोजून मिळेल, तुला कमीच वाटेल. तरी हट्ट करू नकोस. आत्ता मनास येईल तसं उधळलं तर ऐन पावसाळ्यात गंजी संपेल आणि घोडी उपाशी मरतील. शिवाजी महाराजांनी छावणीला धाडलेल्या पत्रात हेच बजावलंय: ती घोडी तुम्हीच मारली असं होईल. मग कुणी कुणब्याचं धान्य उचलेल, कुणी गवत, कुणी जळणाची फाटी, कुणी भाजी. त्या बिचाऱ्यांना वाटेल, यांच्यापेक्षा मोगल बरे. कुणब्याच्या परड्यातलं भोपळ्याचं फूलसुद्धा तोडायचं नाही. आपणही कुणबीच, हे वेगळं सांगायला नको.

आगीचं मात्र दहादा सांगेन. चूल ठरल्या जागीच. तंबाखू ओढायची तर आधी वारा बघ, गंजीकडे वाहत असला तर राहू दे. रात्री निजताना दिवा विझव, आळस करू नकोस. उंदीर जळती वात तोंडात धरून गवतात शिरतो. हसू नकोस, हेही पत्रात आहे. एक गंजी पेटली की सगळ्या गेल्या. मग कुणब्याची मान कापली किंवा कारकुनाला कितीही ताकीद केली, तरी भर पावसात छपराचा खण उभारायला एक लाकूड मिळत नाही.

आणि दसऱ्याला निघताना कारकून सामानाचा झाडा लिहून घेईल. आईने दिलेली चांदीची अंगठी, जादा धोतर, सगळं सांग. लाजून लपवलंस तर परत आल्यावर ती चीज लुटीतली धरतील आणि तिची किंमत तुझ्या वेतनातून कापतील. तेव्हा साक्ष द्यायला मला बोलावू नकोस, भावाची साक्ष कारकून मानत नाही.