पगार नाही तरी माणसं ऐकतात, ते कसं जमवायचं

संस्थेत नवीन अध्यक्ष किंवा सचिव झालं की महिन्याभरात एकच प्रश्न येतो, कार्यकर्ते ऐकत नाहीत, काय करू? आधी हे मान्य करा की कंपनीत पगार कापता येतो, इथे कापायला काहीच नाही. माणूस रविवारची झोप सोडून आलाय, मनातून उतरलात तर पुढच्या रविवारी येणार नाही, विषय संपला.

म्हणून पहिलं काम, गटात वजन कोणाच्या शब्दाला आहे ते शोधा. पहिल्या तीन मीटिंगना कमी बोला आणि नुसतं बघा. आमच्या बचत गटात एक मावशी होत्या, दाराजवळ बसायच्या, तोंडातून शब्द नाही, पण काही ठरवायची वेळ आली की सगळ्या बायका आधी त्यांच्याकडे बघायच्या आणि त्यांनी मान हलवली की मग हात वर. हे माझ्या लक्षात यायला दीड वर्ष गेलं, तोवर मी अध्यक्षबाईंनाच पटवत होते. असं माणूस सापडलं की मीटिंगच्या आधी त्यांच्या घरी जा, चहा घ्या, पण आपला प्लॅन पुढे ठेवू नका, त्यांना काय वाटतं ते विचारा.

विचारण्याला किती महत्त्व आहे बघायचं असेल तर नगर जिल्ह्यातलं जामखेड बघा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये तिथे गेले ते आरोग्याचं काम करायला, पण लोकांची पहिली गरज होती पाणी आणि अन्न, मग सुरुवात तिथूनच केली. पुढे गावोगावी ज्या आरोग्यसेविका तयार झाल्या त्या गावानेच निवडलेल्या, कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी गाव त्यांचं ऐकायचं कारण त्या गावच्याच होत्या. बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसाला हे वजन मिळवायला वर्षं लागतात.

आता निर्णय कसा घ्यायचा. मला स्वतःला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाची पद्धत सगळ्यात पटते. तिथे ग्रामसभेत बहुमत नाही, सर्वसहमती लागते, आणि विषय समजून घ्यायला वेगळा अभ्यास गट असतो. अभ्यास गट चर्चा करतो, ठरवते ग्रामसभाच. तुम्हीही असंच करून बघा, अवघड विषय आला की एक बैठक फक्त समजून घ्यायची, त्या दिवशी ठरवायचं काहीच नाही. वेळ जातो, हो, पण 9 विरुद्ध 6 असा ठराव केला की ते 6 जण कामाच्या दिवशी दिसत नाहीत हे मी खूपदा पाहिलंय.

पण प्रत्येक वेळी सहमती करत बसू नका प्लीज. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा मदतीचा टेम्पो कुठे जाणार यावर चर्चा करायला वेळच नव्हता. तिथे एकाच माणसाने सांगायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं. फक्त पाणी ओसरलं की तो हुकमी आवाज पण उतरला पाहिजे, आणि आठवड्याभरात सगळ्यांना बसवून काय चुकलं ते मोकळेपणाने बोलून घ्यायचं.

शेवटचं आणि सगळ्यात जड जाणारं, सोडायला शिका. चेकवर सही, कपाटाची किल्ली, देणगीदारांचे नंबर, व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिन, हे सगळं एकाच माणसाकडे असेल तर दुसरं कोणी तयारच होत नाही. दर वर्षी यातली एक गोष्ट एका तरुण कार्यकर्त्याच्या हातात द्या आणि मागून सारखं विचारू नका. विश्वस्त बदलले तर धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो, तो वेळेवर द्या, नाहीतर नवीन माणूस काम करत राहतो आणि कागदावर जुनंच नाव, मग बँक त्याची सही घेत नाही आणि पोरगं वैतागून निघून जातं.