शाळेच्या संस्थेवर नवे विश्वस्त घ्यायचेत? चाकरमानी गावात आहेत तोवर सह्या घ्या

आपल्या कोकणात गावोगावच्या हायस्कूलमागे एक संस्था असते, निम्मे विश्वस्त गावात नि निम्मे मुंबईला. त्यातला एखादा वारला किंवा वय झालं म्हणून सोडून गेला की चहा पिता पिता ठरतं, अमक्याच्या मुलाला घेऊया. असं कोणी विश्वस्त होत नाही हो.

आधी संस्थेची घटना कपाटातून बाहेर काढा. किती विश्वस्त, किती वर्षांसाठी, ते सर्वसाधारण सभा निवडते की कार्यकारी मंडळ, मध्येच जागा रिकामी झाली तर मंडळाला स्वीकृत माणूस घेता येतो का, हे सगळं तिथेच असतं, नि बऱ्याच जणांनी ती कधी उघडलेलीच नसते. मूळ प्रत वाळवीने खाल्ली असेल तर धर्मादाय कार्यालयातून, म्हणजे जिथे अशा संस्थांची नोंद असते तिथून, नक्कल मिळते.

मग सभासद यादी. संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली असेल (नोंदणी नंबर एफ ने सुरू होतो बघा) तर ज्याची वर्गणी ३ महिन्यांच्या वर थकलीय त्याला मत देता येत नाही, सभासद म्हणून मोजलंही जात नाही. त्यामुळे सभेआधी पावतीपुस्तक घेऊन बसा, नाहीतर हरलेला गट नंतर नेमकं तेच काढतो.

नोटीस घटनेत लिहिलीय तशीच. पोस्टाने म्हटलं असेल तर पोस्टानेच, व्हॉट्सॲपवर टाकली नि निळी टिक आली एवढ्यावर राहू नका. अजेंड्यात 'विश्वस्त निवड' असा विषय स्पष्ट हवा, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये घुसवू नका. कोरम झाला नाही तर अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा घेतात सगळे, पण घटनेत तशी सोय असेल तरच हां. ठरावाला सूचक, अनुमोदक, नि प्रोसिडिंग बुकात हजेरीच्या सह्या.

नवीन माणूस निवडताना आडनाव नि देणगी बघून घेऊ नका असं माझं मत. हिशेब वाचणारा एक, कोर्टकचेरी कळणारा एक नि शाळेत शिकलेली निदान एक बाई असू दे. शाळा व्यवस्थापन समितीत पालक आहेत ना, मग झालं, असंही काही जण म्हणतात, पण ती वेगळी गोष्ट, संस्थेची मालमत्ता नि जबाबदारी विश्वस्तांच्याच डोक्यावर.

आता खरी गोम. निवड झाली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम २२. रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरीत, रायगडवाल्यांना अलिबागला. सोबत नोटीस, ठरावाची नक्कल, नव्या माणसाचं संमतीपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र. ५ मेला सभा घेतलीत तर मुदत ३ ऑगस्टला संपते, म्हणजे मध्ये आंब्याचं शेवटचं काम, मग पाऊस, मग लावणी, नि मुंबईकर तर कोकणकन्येने कधीच परत गेलेले. म्हणून संमतीपत्रावर सह्या सभेच्याच दिवशी, मंडपातच घ्या. गणपतीत सभा घेणार असाल तरी हेच, फक्त विसर्जनाच्या दिवशी ठेवू नका म्हणजे झालं.

उशीर झाला तर कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो, पण आमच्याकडे लागोपाठ ३ बदल कळवलेच नव्हते, मग दाखले गोळा करायला मी स्वतः विरारपासून लांज्यापर्यंत फिरलोय, एका मयताचं घर बंद, मुलगा दुबईला. बँकवाले तोवर सहीच बदलून देईनात, त्यांना अनुसूची १ वर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नवी नावं हवी होती.

अर्ज दाखल झाला की पोच घ्या, झेरॉक्स काढा, एक प्रत शाळेच्या ऑफिसात ठेवा, सेक्रेटरीच्या घरी नको.