घरचा रेल्वे लेआउट बघायला जाताना

लेआउट म्हणजे रूळ, गाड्या आणि देखाव्यासकट मांडलेली छोटी मॉडेल रेल्वे. यजमानांना आधी दोन गोष्टी विचारून घ्या: स्केल कोणतं, म्हणजे मॉडेल खऱ्याच्या किती पट लहान आहे, आणि एका वेळी किती जण आत मावतात. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, एन म्हणजे १:१६० आणि ९ मिलिमीटर. लेआउटमधली वाट बऱ्याचदा दोन-अडीच फुटांचीच असते. काही ठिकाणी आत शिरायला रुळांखालून वाकून जावं लागतं, तेव्हा कंबर किंवा गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा.

पाठीवरची बॅग खोलीबाहेर ठेवा. सैल बाह्या दुमडा, त्यात सिग्नलचे खांब अडकतात. धातूचं घड्याळ, कडं काढून ठेवा. डीसीसी म्हणजे प्रत्येक इंजिनाला रुळांतून वेगळे डिजिटल आदेश देणारी पद्धत; अशा लेआउटच्या रुळांत गाडी उभी असतानाही साधारण १५ व्होल्ट असतात. पट्टा दोन्ही रुळांना टेकला की शॉर्ट होऊन त्या भागातल्या सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबतात. रुळांना बोटही लावू नका. बोटाच्या तेलकटपणावर धूळ चिकटते आणि इंजिन अडखळायला लागतं. डबा घसरला तर स्वतः उचलू नका, पायऱ्या आणि ब्रेकचे पाइप चिमटीत तुटतात. तो पॉइंटवर (रूळ बदलायच्या सांध्यावर) घसरला की वळणावर, पुढची चाकं आधी उतरली की मागची, हे नीट बघून सांगा. यजमानांना त्याचा खरा उपयोग होतो.

फोटोंची तयारी मात्र घरूनच करा. १.७ मीटर उंचीचा माणूस एचओमध्ये जेमतेम २ सेंटीमीटरचा. वरून काढलेल्या फोटोत सगळं खेळण्यासारखं दिसतं, ते याचमुळे. फोन उलटा करून लेन्स जमिनीलगत आणा, की तोच प्लॅटफॉर्म खरा वाटू लागतो. फोन टेकवायचा तर परवानगी घेऊन, तोही लेआउटमधल्या रस्त्यावर. गवतावर टेकवला तर उभे तंतू आडवे होतात. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर झाडांची सावली मागच्या रंगवलेल्या आकाशावर पडते. एलईडी दिव्यांखाली शटर फार वेगवान ठेवलं तर फोटोत पट्टे येऊ शकतात. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, सेल्फ-टायमर आणि एफ/१६च्या आसपासचं लेन्सचं छिद्र (ॲपर्चर). तरीही पुढचं-मागचं सगळं स्पष्ट येत नसेल, तर फोकस सरकवत पाच-सहा फोटो काढून नंतर जोडा.

देखाव्याबद्दलचे प्रश्न लिहूनच न्या. नदीचं रेझिन (पाण्यासारखं दिसणारं, ओतल्यावर घट्ट होणारं द्रव) किती जाडीच्या थरांत ओतलं, कडा कशाने बंद केल्या? जाड थर तापतो, त्याला तडे जाऊ शकतात. बारीक फट राहिली तरी तिथून ते गळतं. गवतासाठी २, ४, ६ मिलिमीटरचे तंतू कसे मिसळले? जमीन आणि बॅकड्रॉप (मागचा रंगवलेला पडदा) यांचा सांधा कुठे लपवलाय, हे विचारण्याआधी स्वतः शोधा. मागची घरं मुद्दाम लहान स्केलची आहेत का, तेही पाहा. १५ मीटरचं झाड एचओमध्ये १७ सेंटीमीटर भरतं. गाड्या बुटक्या दिसू नयेत म्हणून बरेच जण झाडं त्याहून लहानच ठेवतात, आणि ते योग्यच.

फोटो कुठे टाकायचे असतील तर यजमानांना विचारा आणि फोटोतली ठिकाणाची माहिती काढून टाका. घरात महागडा संग्रह असतो.