सुदूर संवेदनावरील विद्यार्थी-प्रकल्प : या चुका टाळा

भूगोल विभागातील सुदूर संवेदनावरचे, म्हणजे उपग्रहांच्या प्रतिमांवरून भूपृष्ठाचा अभ्यास करण्याचे, प्रकल्प तपासताना एक गोष्ट वारंवार खटकते. सॉफ्टवेअरमधली कळ कोणती दाबायची हे विद्यार्थ्यांना चटकन समजते, पण ज्या प्रतिमेवर ते काम करतात ती निरखून पाहण्याची सवय त्यांना लागलेली नसते. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेचा प्रतिमासंग्रह २००८ पासून सर्वांना मोफत खुला आहे, त्यामुळे प्रतिमा मिळवणे ही आता अडचण उरलेली नाही. खरी अडचण आहे ती मिळालेल्या प्रतिमेवर घाईघाईने सूत्र चालवण्याची.

सर्वांत महागात पडणारी चूक बँडच्या, म्हणजे प्रतिमेत वेगवेगळ्या नोंदवलेल्या प्रकाशपट्ट्यांच्या, क्रमांकांची आहे. लँडसॅट ५ च्या थीमॅटिक मॅपर या संवेदकात लाल बँड तिसरा आणि निकट-अवरक्त (लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) बँड चौथा होता. लँडसॅट ८ मध्ये सुरुवातीलाच किनारी निरीक्षणासाठीचा एक नवा निळा बँड आल्यामुळे लाल बँड चौथा आणि निकट-अवरक्त पाचवा झाला. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांमध्ये हेच दोन बँड चौथा आणि आठवा आहेत. एका विद्यार्थिनीने वनस्पती निर्देशांकाचे म्हणजे एनडीव्हीआयचे (निकट-अवरक्त आणि लाल यांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागायचे) ‘चार वजा तीन’ हे सूत्र जुन्या टिपणातून उचलले आणि लँडसॅट ५ व लँडसॅट ८ या दोन्ही उपग्रहांच्या प्रतिमांवर जसेच्या तसे चालवले. जुना नकाशा हिरवागार आला आणि नव्यात जंगल जवळजवळ नाहीसे झाले. त्यावर तिने वृक्षतोडीची कारणमीमांसा लिहिली, उपाययोजनांचे एक प्रकरण जोडले आणि प्रबंध बांधूनही घेतला. तोंडी परीक्षेत तिला घनदाट जंगलातील एका पिक्सेलचे मूल्य वाचायला सांगितले, तेव्हा ते शून्याखाली निघाले. लँडसॅट ८ वर ‘चार वजा तीन’ म्हणजे लालमधून हिरवा वजा करणे, आणि निरोगी पाने लालपेक्षा हिरवा प्रकाश जास्त परावर्तित करत असल्याने हे उत्तर ऋण येणारच. जंगल जागेवरच होते, पण तिची अनेक महिन्यांची मेहनत वाया गेली. तिने आळस केला नव्हता, तरीही ही वेळ आली, याचे वाईट वाटते. म्हणून मी प्रत्येकाला कोणताही निर्देशांक काढल्यावर प्रथम स्वच्छ खोल पाणी, दाट झाडी आणि उघडी जमीन अशा तीन ओळखीच्या जागांची मूल्ये वाचायला लावतो. पाण्याचे मूल्य सहसा ऋण, झाडीचे बरेच वरचे आणि उघड्या जमिनीचे शून्याच्या थोडे वर आले नाही, तर नकाशा रंगवायला घेऊ नये.

बँड बरोबर निवडूनही उत्तर बिघडू शकते. लँडसॅटच्या कलेक्शन २ या संचातील दुसऱ्या स्तराच्या (वातावरणाचा परिणाम काढलेल्या) फाइलमध्ये परावर्तन, म्हणजे पृष्ठभाग प्रकाशाचा किती भाग परत फेकतो ते प्रमाण, थेट साठवलेले नसते. फाइलमधील अंकाला ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा केल्यावर ते मिळते. समजा, लालचा अंक ९०९१ आणि निकट-अवरक्तचा २०००० आहे. या अंकांवर थेट सूत्र लावल्यास निर्देशांक ०.३७५ येतो, पण परावर्तन काढून घेतल्यास ते अनुक्रमे ०.०५ आणि ०.३५ ठरते आणि निर्देशांक ०.७५ होतो. म्हणजे घाई करणाऱ्याच्या नकाशावर दाट झाडी विरळ दिसते. गुणोत्तरात हे सारे आपोआप कटते, असे विद्यार्थी ठामपणे सांगतात. गुणक कटतो हे खरे, पण वजा करायची संख्या कटत नाही. सेंटिनेल-२ च्या ज्या प्रतिमांवर ४.०० किंवा त्यापुढील आवृत्तीची प्रक्रिया झाली आहे, त्यांच्या अंकांत १००० मिळवलेले असतात, म्हणून तिथेही सोबतची माहिती-फाइल वाचल्याखेरीज पुढे जाऊ नये.

वर्गीकरणाची, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला जंगल, पाणी असा वर्ग देण्याची, अचूकता ९८ टक्के आली असे कोणी आनंदाने सांगितले, की मी आधी तपासणीचे नमुने कुठून घेतले ते विचारतो. बहुतेकदा प्रतिमेवर आखलेल्या ज्या बहुभुजांवरून सॉफ्टवेअरला वर्गीकरण शिकवले त्यांतलेच पिक्सेल तपासणीला वापरलेले असतात. ही अचूकता मला मान्य नाही. तपासणीचे बिंदू वेगळे, विखुरलेले आणि यादृच्छिक पद्धतीने निवडलेले हवेत, प्रत्येक वर्गासाठी निदान ५० असावेत, आणि शक्य तेवढे प्रत्यक्ष जाऊन पाहिलेले असावेत. प्रामाणिकपणे काढलेली ८१ टक्के अचूकता मला अधिक मोलाची वाटते.

बाकीच्या चुका थोडक्यात. अक्षांश-रेखांशांतील नकाशावर अंश हेच एकक धरून क्षेत्रफळ काढू नये. आधी योग्य प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) द्यावे. एक प्रतिमा पावसाळ्यानंतरची आणि दुसरी कोरड्या ऋतूतली घेऊन दशकांतील बदल सांगू नये. वर्गीकृत नकाशाचे पुनर्नमुनन (पिक्सेलची जाळी बदलून मूल्ये नव्याने देणे) निकटतम शेजारी पद्धतीनेच, म्हणजे सर्वांत जवळच्या पिक्सेलचे मूल्य तसेच घेऊन, करावे, कारण वर्ग दोन आणि वर्ग चार यांची सरासरी वर्ग तीन होत नाही. लँडसॅट ८ चा औष्णिक संवेदक १०० मीटरचा आहे, फाइल ३० मीटरची असली तरी. शिवाय त्यातून मिळते ते भूपृष्ठाचे तापमान, हवेचे नव्हे. ढगांसोबत त्यांच्या सावल्याही वगळाव्यात, नाहीतर त्या पाणी म्हणून मोजल्या जातात.

अहवालात ‘लँडसॅट प्रतिमा, २०२०’ एवढेच लिहिलेले असेल तर मी तो परत करतो. फाइलचे पूर्ण नाव लिहिले की त्यातून उपग्रह, पथ आणि ओळ (प्रतिमा कोणत्या जागेची ते सांगणारे क्रमांक), तारीख व प्रक्रियेचा स्तर हे सारे कळते आणि दुसरा कोणीही तीच प्रतिमा उतरवून तेच गणित पुन्हा करू शकतो.